माळवद पडलं, त्यानंतरचं घर: किल्लारीचा भूकंप, घराची आतली रचना आणि माणसाचं मन

घराच्या आतल्या रचनेचा माणसाच्या मनावर काय परिणाम होतो, हा आजचा विषय आहे. हा विषय निघाला की आपल्याला भिंतींचे रंग, पडदे, सोफासेट, नाहीतर कुठल्या दिशेला काय असावं हे आठवतं. आज आपण त्या वाटेनं जाणार नाही. तीसहून अधिक वर्षांपूर्वी आपल्याच महाराष्ट्रात हजारो कुटुंबांचं घर एका पहाटेत गेलं आणि पुढच्या चार-पाच वर्षांत त्यांना अगदी वेगळ्या रचनेचं घर मिळालं. जुनं घर मनाला काय देत होतं आणि नव्यानं काय दिलं, हे त्या लोकांइतकं दुसऱ्या कुणालाच कळलेलं नाही. म्हणून तो इतिहास बघू.

मिरजगावात बसून हे बोलायला कारण आहे. आपला कर्जत तालुका, नगरचा दक्षिण भाग, बीड, सोलापूर, धाराशिव, लातूर, हा सगळा सह्याद्रीच्या पलीकडचा कोरडा पट्टा. इथली जुनी घरं एकाच जातकुळीची. कुणी त्याला धाब्याचं घर म्हणतं, कुणी माळवद. लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर आडवी लाकडं, त्यावर पाला-फांद्या आणि सगळ्यांत वर पांढऱ्या मातीचा जाड थर. दोन खांबांमधली जागा म्हणजे खण. घर किती मोठं, हे खणांवर सांगायचे. बाजूच्या भिंती दोन-तीन फूट रुंदीच्या, दगड-मातीच्या. रस्त्याकडं खिडकी जवळजवळ नसायचीच. उजेड यायचा तो चौकातून, नाहीतर छतातल्या झरोक्यातून.

उन्हाळ्यात बाहेर चाळीस अंशांच्या वर पारा असताना माजघर गार राहायचं, हे सगळ्यांना माहीत आहे. पण त्या रचनेचं दुसरंही एक काम होतं. दारातून आत आलं की ढाळज, मग चौक, मग सोपा, मग माजघर, त्याच्या आत चूल आणि देव. परका माणूस ढाळजेत थांबायचा, सोयरा सोप्यावर टेकायचा, माजघरात फक्त घरचे. कुणी कुठवर यायचं, हे तोंडानं सांगावं लागत नव्हतं, भिंतीच ते सांगायच्या. म्हाताऱ्या माणसाला ढाळजेत जागा होती. तिथून रस्ता दिसायचा आणि घरावर लक्षही राहायचं. बाळंतिणीला अंधारी, उबेची खोली होती. आजचे मानसशास्त्रज्ञ म्हणतात की कुणाला किती जवळ येऊ द्यायचं, यावर आपला ताबा असला की मन स्वस्थ राहतं. माळवदात तो ताबा भिंतींतच बांधलेला होता.

आता याचं कौतुक करून थांबायचं नाही. चौकाचं माळवद सगळ्यांच्या वाट्याला नव्हतं. भूमिहीन कुटुंबं एक-दोन खणांत, नाहीतर छपरात राहायची. गावाची पांढरी जातीनं वाटलेली होती. आणि चुलीच्या धुरात, अंधारात ज्या बायांचं आयुष्य गेलं, त्यांना त्या माजघराबद्दल विचारलं तर त्या निराळंच सांगतील. परक्यापासून आडोसा देणारी भिंत सुनेला कोंडूनही ठेवत होती.

मग ३० सप्टेंबर १९९३ उजाडला. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, लोक उशिरा झोपलेले. पहाटे चारच्या सुमाराला किल्लारी आणि सास्तूरच्या परिसरात ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. सुमारे आठ हजार माणसं गेली. एवढी का गेली, याचं उत्तर घराच्या रचनेतच होतं. त्या रुंद भिंती दिसायला एकसंध, पण आत दोन वेगळे थर होते. मध्ये दगडगोट्यांची आणि मातीची भर, आणि दोन्ही थरांना बांधणारे आरपार दगड फारसे नसायचे. हादऱ्यानं थर सुटले आणि भिंत कोसळली. त्यावर दरवर्षी गळती थांबवायला टाकलेल्या मातीनं जड झालेलं छत. कित्येक ठिकाणी लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा उभाच राहिला आणि भिंती तेवढ्या पडल्या.

याचा मनावर काय परिणाम झाला असेल? ज्या भिंतीला टेकून माणूस निर्धास्त झोपायचा, तिनंच घरातली माणसं पुरली. लोकांचा दगड-मातीवरचा विश्वास उडाला. ज्यांची घरं उभी होती, तेही घरात झोपेनात. अंगणात, पत्र्याच्या शेडमध्ये रात्री काढल्या. नवीन घर कसलं हवं, असं विचारल्यावर दगड नको, माती नको, सिमेंटचंच हवं, हे उत्तर गावोगाव आलं. दगडाचं घर शास्त्रशुद्ध बांधता येतं, हे अभियंते सांगत होते आणि ते खरंही होतं. पण भ्यालेल्या मनाला गणित पटत नाही.

शासनानं जागतिक बँकेच्या साहाय्यानं मोठा पुनर्वसन कार्यक्रम घेतला. सर्वाधिक हानी झालेली ५२ गावं नव्या जागी वसवली. घराचं माप ठरलं जमिनीवर. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्यांना २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यांना ४००, त्याच्या वर ७५० चौरस फूट. आराखडे बहुतेक ठिकाणी चौकटीचे, म्हणजे सरळ रुंद रस्ते आणि एकसारखी घरं. ही घरं भक्कम होती. त्या काळात एवढ्या वेगानं एवढं काम उभं राहणं सोपं नव्हतं, हे मान्य केलंच पाहिजे.

पण आत काय होतं? रस्त्यावरून दार उघडलं की थेट खोली. ढाळज नाही, चौक नाही, सोपा नाही. पाहुणा आला की तो एकदम घराच्या पोटात. धान्याचं बळद कुठं, जनावरं कुठं, कडबा कुठं, म्हातारा बसणार कुठं, याला जागाच नव्हती. गाव पूर्वीच्या कितीतरी पट पसरलं आणि ओरडलं की ऐकू येणारा शेजारी लांब गेला. ज्यांच्या घरातली माणसं गेली होती, त्यांना त्या दिवसांत शेजाऱ्याचीच तर सगळ्यांत जास्त गरज होती.

पुढं लोकांनी काय केलं, ते बघण्यासारखं आहे. हळूहळू त्यांनी घरं बदलली. पुढं आडोशाची भिंत घातली, पत्रा टाकून ओसरी केली, चूल मागं अंगणात नेली, जागेभोवती कुंपण केलं, झाडं लावली. थोडक्यात, ढाळज, सोपा, चौक ही माळी त्यांनी सिमेंटच्या खोलीभोवती पुन्हा गुंफली.

त्याच कार्यक्रमाचा दुसरा भाग कमी बोलला जातो. ज्या गावांत स्थलांतर नव्हतं, तिथं घरमालकाला हप्त्यानं पैसे आणि तांत्रिक सल्ला देऊन घर जागेवरच मजबूत करायचं होतं. लोकांशी बोलायला गावातल्या बायांनाच ‘संवाद सहायक’ नेमलं. आरपार दगड कसा बसवायचा, छतावरची माती किती कमी करायची, हे बाया बायांना समजावून सांगायला लागल्या. ज्या माजघरात त्या कोंडल्या होत्या, त्याच घराचा निर्णय त्यांच्या हाती आला. मालकानं स्वतः बांधायचं, ही पद्धत पुढं २००१ च्या भूकंपानंतर गुजरातमध्ये मोठ्या प्रमाणावर वापरली गेली.

जगातही असे दाखले आहेत. इजिप्तमध्ये हसन फातींनी १९४० च्या दशकात न्यू गुर्ना हे मातीच्या विटांचं सुंदर गाव बांधलं. लोक तिथं राहायला जायला तयार होईनात. कारणं अनेक होती, पण घुमट बघून थडगं आठवतं, हेही एक सांगितलं जातं. म्हणजे माती चांगली की सिमेंट चांगलं, असा हा सरळ प्रश्न नाही. त्या भिंतीशी माणसाची कोणती आठवण जोडलेली आहे, तेही बघावं लागतं. दुसरा दाखला अमेरिकेतला. रॉजर उलरिख यांनी १९८४ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयाच्या नोंदी तपासून लिहिलं की ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती ते रुग्ण, विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. रुग्ण फक्त ४६ होते, म्हणून त्यावर फार मोठा इमला चढवू नये. पण खाटेवरून काय दिसतं, हा प्रश्न चैनीचा नाही, एवढं त्यावरून कळतं.

आता आपल्याकडं येऊ. आपल्या भागात भूकंप नाही झाला, तरी माळवदं पडतायत. कुणी पाडतोय, कुणाची गळून पडतायत. त्या जागी स्लॅबचं घर, नाहीतर घरकुल. २०१६ पासून ग्रामीण घरकुलाचं किमान क्षेत्र २५ चौरस मीटर आहे, म्हणजे जेमतेम २७० चौरस फूट. किल्लारीच्या सगळ्यांत लहान घराच्या आसपासच. माळवद ठेवाच, असं आम्ही म्हणणार नाही. गळतं, धोक्याचं घर ठेवून मनःशांती मिळत नाही. पण पाडण्याआधी घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला आणि घरच्या बाईला बसवून तीन गोष्टी विचारून घ्या. दारात आलेला माणूस कुठं थांबणार? म्हातारं माणूस दिवसभर कुठं बसणार आणि तिथून त्याला काय दिसणार? आणि घरातल्या बाईला घटकाभर एकटं बसायला जागा कुठं आहे? याला फार पैसे लागत नाहीत. दार दोन फूट बाजूला घेणं, पुढं पडवी काढणं, खिडकी झाडाच्या बाजूला ठेवणं, एवढंच.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर जुन्या माळवदातही नव्हतं. म्हणून तो गवंड्याला आधी सांगा. किल्लारीच्या लोकांना घर आधी मिळालं आणि हे प्रश्न नंतर सुचले. आपल्याला अजून आधी विचारायला सवड आहे.