मारेकरी ते जुना सोबती : कृमि-उपचाराच्या इतिहासातील कथन आणि पुरावा

'पॅरासाइट' हा शब्द जीवशास्त्रात येण्यापूर्वी रंगभूमीवर होता. ग्रीक सुखात्मिकेत आणि पुढे प्लॉटसच्या लॅटिन नाटकांत तो दुसऱ्याच्या पंक्तीला बसून, यजमानाची स्तुती करून पोट भरणाऱ्या पात्राचा वाचक होता. 'परोपजीवी' या मराठी संज्ञेतही तोच नैतिक ठपका उरला आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र हे पात्र वैद्यकाच्या कथनात उपकारकर्ता म्हणून अवतरले. या भूमिकाबदलात कथन पुराव्याच्या किती पुढे गेले, हा येथील प्रश्न आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी चार्ल्स स्टाइल्स यांनी अंकुशकृमीच्या एका जातीला 'नेकेटर अमेरिकानस', म्हणजे 'अमेरिकेचा मारेकरी', असे नाव दिले. १९०९ मध्ये रॉकफेलर यांच्या देणगीतून अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत त्याच्या निर्मूलनाची मोहीम सुरू झाली. कृमिमुक्ती हे प्रगतीचे लक्षण ठरले. या कथनाला पहिला छेद एका आत्मनिवेदनाने दिला. जोनाथन टर्टन या संशोधकाने स्वतःच्या शरीरात अंकुशकृमी सोडले आणि परागकणांमुळे होणारा आपला त्रास त्या काळात थांबल्याचे १९७६ मध्ये 'लॅन्सेट'ला कळविले. १९८९ मध्ये डेव्हिड स्ट्रॅकन यांनी ब्रिटनमधील सतरा हजारांहून अधिक मुलांच्या माहितीवरून, भावंडे जितकी अधिक तितका हा विकार कमी, असे दाखविले आणि बालपणीच्या संसर्गांशी त्याचा संबंध सुचविला. २००३ मध्ये ग्रॅहम रूक व त्यांच्या सहकाऱ्यांनी कृमींसह अशा सूक्ष्मजीवांना 'जुने सोबती' म्हटले. शंभर वर्षांत मारेकऱ्याचा सोबती झाला.

नव्या कथनाला जैविक आधार होता. यजमानाच्या देहात टिकण्यासाठी कृमी त्याची प्रतिकारशक्ती सौम्य करतात. मग ती स्वतःच्याच पेशींवर उलटते अशा विकारांत हाच गुण उपयोगी का पडू नये? जोएल वाइनस्टॉक यांच्या आयोवातील गटाने क्रोन व्याधीच्या २९ रुग्णांना दर तीन आठवड्यांनी डुकरांतील एका कृमीची २,५०० अंडी पाजली. २००५ च्या अहवालानुसार चोविसाव्या आठवड्यात सुमारे ७२ टक्के रुग्णांची लक्षणे ओसरली होती. परंतु या प्रयोगात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुमारे २५० रुग्णांच्या चाचणीत हीच अंडी निष्क्रिय द्रावणाहून सरस ठरली नाहीत. २०२० मध्ये नॉटिंगहॅमच्या संशोधकांनी मल्टिपल स्क्लेरोसिसच्या ७१ रुग्णांवरील चाचणीचा निष्कर्ष मांडला : नियामक पेशी वाढल्या, पण मेंदूतील नव्या विकृतींच्या संख्येत निर्णायक फरक पडला नाही.

तरीही चाचण्यांबाहेर काही रुग्णांनी स्वतःहून कृमी मिळवून हा उपाय केला. रूढ औषधे निष्फळ ठरलेल्या माणसाला टक्केवारीपेक्षा दुसऱ्या पीडिताची सुटकेची कहाणी जवळची वाटते. ती कहाणी खोटी असेलच असे नाही. मात्र असे विकार आपोआपही चढतात-उतरतात, आणि एकट्या देहाच्या साक्षीतून कारण सिद्ध होत नाही.

भारतीय परंपरेत हा पेच निराळ्या रूपात दिसतो. चरकसंहितेच्या विमानस्थानात कृमींचे वीस प्रकार सांगताना 'सहज' कृमी वेगळे ठेवले आहेत. त्यात आधुनिक सिद्धांताचे पूर्वज्ञान शोधणे अनैतिहासिक ठरेल. सर्वच कृमी एका मापाने मोजले गेले नाहीत, एवढेच त्यातून निघते. दुसरीकडे, २०१५ पासून भारतात राष्ट्रीय जंतनाशक दिनी मुलांना अल्बेंडाझोलची गोळी दिली जाते, कारण येथे जंत म्हणजे आजही रक्तक्षय आणि खुंटलेली वाढ. 'जुना सोबती' हे रूपक जेथे कृमी जवळजवळ नाहीसे झाले तेथेच सुचू शकले, हे त्याचा अर्थ लावताना विसरून चालणार नाही.