तळटीप 14 : ‘छळाची तक्रार केली आणि रजाही संपली’

14. सोनपेठच्या दुकानातील कामगार स्त्रीच्या तोंडचे हे वाक्य कायद्याच्या बाजूने पाहायला हवे. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाला प्रतिबंध करणाऱ्या 2013 च्या अधिनियमातील कलम 12 नुसार, चौकशी चालू असताना पीडितेने लेखी मागणी केल्यास चौकशी करणारी समिती तिला तीन महिन्यांपर्यंत रजा देण्याची शिफारस करू शकते. ही रजा तिच्या हक्काच्या रजेव्यतिरिक्त असते, आणि शिफारस झाल्यावर ती अमलात आणणे मालकावर बंधनकारक असते. तिची किंवा आरोपीची बदली करण्याची शिफारसही समितीला करता येते.

दहापेक्षा कमी माणसे कामाला असलेल्या दुकानात अंतर्गत समिती नसते. तिथली तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. त्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी परभणीपर्यंत खेप घालण्याची गरज नाही. तालुक्याच्या नोडल अधिकाऱ्याने तक्रार घेऊन सात दिवसांत समितीकडे पाठवावी, अशी कलम 6 मध्ये तरतूद आहे. घरकामगार स्त्रियाही या कायद्यात येतात. तक्रारीची मुदत घटनेपासून तीन महिने. सबळ कारण असल्यास समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. लिहिता येत नसेल, तर तक्रार लिहून देण्यास मदत करणे समितीचे कर्तव्य आहे.

चोरी किंवा मारहाणीला बळी पडलेल्या नोकरदाराला मात्र ही रजा मिळत नाही. कोर्टाच्या तारखांसाठी त्याला बहुधा स्वतःचीच रजा खर्चावी लागते. ही उणीव कायद्याने भरून काढली पाहिजे. — संपादक