तळटीप : जेऊरचे खग्रास ग्रहण

‘जेऊरचे ग्रहण’ : २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा महाराष्ट्रावरून गेला. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊरला तळ ठोकून त्याचे वेध घेतले.

या ग्रहणाच्या वेळा आज घरबसल्या पडताळता येतात. ‘स्विस एफेमेरिस’ या १९९७ साली खुल्या झालेल्या ग्रहगणित-संचासोबत ‘स्वेटेस्ट’ नावाचा छोटा प्रोग्राम मिळतो. त्याला ना चित्रे, ना बटणे. काळ्या पडद्यावर एक ओळ टंकायची : तारीख, सूर्यग्रहण हवे असल्याची खूण, मग ठिकाणाचे रेखांश, अक्षांश आणि उंची. एंटर दाबताच स्पर्श, मध्य आणि मोक्षाच्या वेळा समोर येतात. आकडेमोडीचा पाया नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीने तयार केलेल्या ग्रहस्थितींचा आहे. ग्रहणांखेरीज उदयास्त आणि पिधानेही याच ओळीतून काढता येतात.

क्रम मात्र सांभाळावा लागतो. जेऊरचे रेखांश सुमारे ७५.२ आणि अक्षांश १८.३. सवयीने अक्षांश आधी टंकले, तर प्रोग्राम तक्रार करत नाही. निमूटपणे नॉर्वेच्या उत्तरेकडील समुद्रातले उत्तर देतो.

उत्तर जागतिक वेळेत येते. त्यात साडेपाच तास मिळवले की आजची भारतीय प्रमाणवेळ मिळते. पण ती १९०६ साली लागू झाली. १८९८च्या जेऊरची स्थानिक वेळ हवी असल्यास रेखांशाच्या अंशाला ४ मिनिटे या हिशेबाने सुमारे ५ तास १ मिनिट मिळवावे.