हिरव्या वाळूतील हाडे

अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात हॅडनफील्ड नावाचे गाव आहे. १८३८ साली तेथे जॉन हॉपकिन्स हा शेतकरी शेतातील खड्ड्यातून खतासाठी हिरवी माती काढत असता मोठमोठी हाडे निघाली. त्याने ती घरात शोभेला ठेवली! वीस वर्षांनी, १८५८ मध्ये, विल्यम फॉल्क यांच्या कानावर ही गोष्ट आली. त्यांनी खड्डा पुन्हा खणवला आणि जोसेफ लीडी यांनी हाडांचा अभ्यास केला. हाच हॅड्रोसॉरस. १८६८ मध्ये फिलाडेल्फियात त्याचा सांगाडा उभारला गेला. जगात उभारलेला डायनोसॉरचा तो पहिला सांगाडा. (कवटी सापडलीच नव्हती, ती अंदाजाने बनवली.)

शेतकरी त्या मातीला मार्ल म्हणत. खरा मार्ल म्हणजे चुनखडीमिश्रित चिखल. ही मात्र वाळू, आणि तिचा हिरवेपणा ग्लॉकोनाइट या खनिजाचा. अभ्रकाच्या कुळातील या मऊ खनिजात लोह, पोटॅशियम व सिलिका असते. उघड्यावर लोह गंजते आणि हिरवा दगड तांबूस होतो.

ग्लॉकोनाइट तयार होते ते उथळ समुद्राच्या तळावर, जेथे नद्यांचा गाळ फारसा पोहोचत नाही, आणि तेही हजारो वर्षांच्या संथ गतीने. १८७२ ते १८७६ या काळात ‘चॅलेंजर’ जहाजाने आजच्या समुद्रतळावरूनही असे कण वर आणले. कित्येक कण फोरॅमिनिफेरा या सूक्ष्म जीवांच्या शिंपल्यांत भरून त्यांचाच आकार घेतलेले होते. मग जमिनीवरचा हॅड्रोसॉरस तेथे कसा? लीडींचा तर्क असा, की त्याचे शव नदीने समुद्रात वाहून नेले असावे.

गाड्या भरभरून ही वाळू थकलेल्या शेतांत पडे आणि पिके सुधारत. तिच्यात पालाश होते, शिवाय शिंपल्यांचा चुना आणि थोडे फॉस्फेटही. पण पालाश खनिजाच्या थरांत जखडलेले. पिकाला ते फार सावकाश मिळे. १८६१ पासून जर्मनीतील श्टासफुर्टच्या खाणींचे विरघळणारे पालाश बाजारात येऊ लागले आणि पुढे मार्लचे खड्डे ओस पडले.

वाळू मात्र निकामी ठरली नाही. कणांच्या पृष्ठावरील आयनांची अदलाबदल होत असल्याने विसाव्या शतकात ती जड पाणी मृदू करण्यास वापरली गेली. मँगॅनीजचा लेप दिलेली वाळू पाण्यातील लोह काढण्यासाठी आजही वापरतात.

भारतात शोण खोऱ्यातील विंध्य खडकांत आणि कच्छमध्ये ग्लॉकोनाइट आहे, तरी आपण पालाश आयात करतो. क्लोराइडांबरोबर भाजून ते मोकळे करण्याचे प्रयोग झाले आहेत. अडचण आहे ती भट्टीला लागणाऱ्या इंधनाच्या खर्चाची.