डेप्थ ऑफ फील्ड

छायाचित्रात पुढेमागे जेवढ्या अंतरातील वस्तू रेखीव दिसतात, त्या पट्ट्यास डेप्थ ऑफ फील्ड म्हणतात. लेन्स एकाच प्रतलावर फोकस होते. त्याच्या अलीकडे-पलीकडे प्रत्येक बिंदूचे वर्तुळ होत जाते व ते डोळ्याला बिंदूच भासते तोवरचे अंतर या पट्ट्यात धरतात. ३५ मिमी. स्थिरचित्रणात या वर्तुळाची मर्यादा साधारणपणे ०.०३ मिमी. मानतात.

नियंत्रण : ॲपर्चर (लेन्सचे छिद्र) मोठे उघडल्यास, लेन्सची फोकल लेंग्थ वाढविल्यास किंवा विषयाजवळ गेल्यास पट्टा अरुंद होतो. वरील मर्यादेनुसार ५० मिमी. लेन्स २ मी.वर फोकस केली असता एफ/१.८ ला पट्टा सु. १७ सेंमी., तर एफ/८ ला सु. ८० सेंमी. भरतो. २४ मिमी. लेन्स एफ/८ ला २.४ मी.वर फोकस केल्यास १.२ मी.पासून अनंतापर्यंत सर्व रेखीव येते.

सिनेमॅटिक रूप : मागचे सारे धूसर असले की चित्र सिनेमासारखे दिसते, हा समज विशेषतः २००८ नंतर रूढ झाला. त्या वर्षी आलेल्या कॅनन ५डी मार्क २ या कॅमेऱ्यात ३६ × २४ मिमी. (फुल फ्रेम) सेन्सरवर फुल एचडी व्हिडिओ घेण्याची सोय होती. त्याआधीच्या बहुतेक व्हिडिओ कॅमेऱ्यांचे सेन्सर लहान असल्याने त्यांत धूसरपणा सहज साधत नसे. मात्र ३५ मिमी. चित्रपटाची चौकट स्थिरचित्राच्या चौकटीहून लहान असते. त्यामुळे चित्रणकोन, अंतर व एफ-अंक तेच ठेवल्यास फुल फ्रेम कॅमेऱ्यातील पट्टा चित्रपटापेक्षाही अरुंद पडतो.

सिटिझन केन (१९४१) : या तंत्राच्या इतिहासातील सर्वांत चर्चित चित्रपट नेमका उलट टोकाचा आहे. दिग्दर्शक ऑर्सन वेल्स व छायाचित्रकार ग्रेग टोलंड (१९०४–४८) यांनी त्यात पुढचे व मागचे पात्र एकाच वेळी रेखीव ठेवले. त्यासाठी २४ मिमी. वाइड अँगल लेन्स, परावर्तन रोखणारा लेप दिलेली भिंगे, ईस्टमनची सुपर डबल-एक्स ही जलद फिल्म व आर्क दिवे वापरून एफ/८ किंवा त्याहून लहान ॲपर्चरवर चित्रण केले गेले. श्रेयनामावलीत वेल्सने टोलंडचे नाव आपल्या नावासोबत एकाच पाटीवर घेतले. फ्रेंच समीक्षक आंद्रे बाझँ यांच्या मते अशा चौकटीत कुठे पाहायचे हे प्रेक्षक स्वतः ठरवतो. तथापि काही प्रसिद्ध चौकटी निव्वळ लेन्सने साधलेल्या नाहीत. सुझन या पात्राच्या विषप्राशनाच्या दृश्यातील पुढचा पेला आणि मागचे दार फिल्म उलट गुंडाळून दोनदा चित्रित केलेले आहेत. पुढचे-मागचे सारे रेखीव ठेवण्याच्या पद्धतीचे श्रेय एकट्या टोलंडला द्यावे की नाही, याबाबत मतभेद आहेत. फ्रेंच दिग्दर्शक झाँ रन्वारच्या रूल्स ऑफ द गेम (१९३९) मध्येही ती आढळते.

बॅरी लिंडन (१९७५) : मेणबत्तीच्या उजेडातील दृश्यांसाठी स्टॅन्ली कुब्रिक व छायाचित्रकार जॉन ऑल्कॉट यांनी झाइसची ५० मिमी. एफ/०.७ लेन्स वापरली. ती मुळात नासासाठी बनविलेली होती. तिच्यासाठी मिचेल बीएनसी कॅमेऱ्यात फेरफार करावे लागले. पट्टा इतका अरुंद होता की नटांचे अंतर टिपण्यासाठी बाजूला काटकोनात व्हिडिओ कॅमेरा लावलेला असे. येथे धूसरपणा अपुऱ्या उजेडातून आलेला आहे.

स्थिरचित्रणातील उपयोग : विषय व पार्श्वभूमी यांत अंतर ठेवून ॲपर्चर मोठे उघडणे ही नेहमीची पद्धत. भर उन्हात मोठ्या ॲपर्चरवर शटर जलद करता येते. व्हिडिओत सेकंदाला २४ चौकटींसाठी शटर १/५० च्या आसपास ठेवण्याचा प्रघात असल्याने जादा उजेड अडवणारा एनडी फिल्टर लावतात. पार्श्वभूमी धूसर करताना प्रसंगाचे ठिकाणच ओळखू येईनासे झाल्यास चित्रातील कथनाचा आधार जातो.

ॲनामॉर्फिक लेन्स : चित्र आडव्या दिशेने दाबून टिपणाऱ्या या लेन्समुळे पट्ट्याबाहेरील धूसर दिवे लंबगोल दिसतात.

मराठी चित्रपट : चैतन्य ताम्हाणे यांच्या कोर्ट (२०१४) मधील न्यायालयाची दृश्ये स्थिर व दूरच्या, म्हणून रुंद पट्ट्याच्या, चौकटींत चित्रित केलेली आहेत (छायाचित्रण : मृणाल देसाई).

मोबाइल : लहान सेन्सरमुळे पट्टा मुळातच रुंद असतो. पोर्ट्रेट मोडमधील धूसरपणा गणनेने निर्माण केलेला असल्याने केसांच्या व चष्म्याच्या कडांवर तो चुकू शकतो.