अकरांतले परके किती?

१० जुलै २०१५ रोजी मुंबईत फुटबॉलच्या इंडियन सुपर लीगने दहा भारतीय खेळाडूंचा लिलाव केला. सर्वांत मोठी बोली सुनील छेत्रीवर लागली. मुंबई सिटीने त्याच्यासाठी १ कोटी २० लाख मोजले. याच यादीत अराता इझुमी हे नाव आहे आणि त्याला कोलकात्याच्या संघाने ६८ लाखांना घेतले. जपानी नाव भारतीयांच्या यादीत चुकून आलेले नाही. त्याच्या आधीच्या काही मोसमांत हाच माणूस महाराष्ट्रातल्या क्लबांत परदेशी म्हणून मोजला जात होता.

इझुमीचा जन्म १९८२ साली जपानमध्ये शिमोनोसेकीला झाला. वडील गुजराती, आई जपानी. २००६ मध्ये ईस्ट बंगालने त्याला आणले. पुढे तो मुंबईच्या महिंद्रा युनायटेडमध्ये आणि २००९ मध्ये पुणे एफसीत आला. पुणे एफसी तेव्हा आय-लीगमध्ये नवखा होता, तरी पहिल्याच मोसमात तिसरा आला. इझुमीने पुढे जपानी पासपोर्ट सोडला, भारतीय नागरिकत्व घेतले आणि नीलकंठ खंभोळजा हे नावही घेतले. फेब्रुवारी २०१३ मध्ये तो पॅलेस्टाइनविरुद्ध भारताकडून उतरला. २०१२-१३च्या त्याच मोसमात पुणे एफसी चर्चिल ब्रदर्सच्या मागोमाग दुसरा आला. यशाचे श्रेय एका पासपोर्टला देणे धाडसाचे ठरेल. पण मर्यादित परदेशी जागांपैकी एक मोकळी झाली, एवढे साध्या हिशेबानेही निघते.

त्याला दोन्हीकडे पाय ठेवता आले नसते. राज्यघटनेचे कलम ९ आणि १९५५ चा नागरिकत्व कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाहीत. जपानचा कायदाही स्वेच्छेने दुसरे नागरिकत्व घेणाऱ्याचे पहिले काढून घेतो. ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्डावर राहता येते, नोकरी करता येते, पण देशाच्या संघात बसता येत नाही. टेनिसमध्ये अमेरिकी पासपोर्टवरचा प्रकाश अमृतराज भारताकडून डेव्हिस कप खेळला होता. ती वाट केंद्र सरकारने २००८ मध्ये बंद केली.

नांदेडच्या वाचकाला हे प्रकरण ओळखीचे वाटावे. हा जिल्हा निजामाच्या मुलखात होता आणि तिथे सरकारी नोकरीसाठी मुलकी, म्हणजे संस्थानातला रहिवासी, असावे लागे. १९१९ च्या फर्मानानंतरच्या नियमांत बाहेरून आलेल्यासाठी वाट ठेवलेली होती. किमान पंधरा वर्षे कायमचे वास्तव्य हवे, आणि मूळ ठिकाणी परतण्याचा विचार सोडल्याचे प्रतिज्ञापत्र मॅजिस्ट्रेटपुढे केलेले हवे. नियम न्याय्य होता असे मला म्हणायचे नाही. १९५२ मध्ये हैदराबादेत त्यावरून गोळीबार झाला, आणि तेलंगणापुरती त्याची वैधता ३ ऑक्टोबर १९७२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरल्यावर आंध्रात मोठे आंदोलन पेटले. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि आपली त्यातून सुटका झाली. पण मुलकी नियमाला निदान काळ मोजता येत होता. किती वर्षे इथे राहिलास, हा प्रश्न त्यात होता.

फुटबॉलनेही हा प्रश्न एकदा विचारला होता. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला युरोपच्या क्लब स्पर्धांत ‘३ + २’ नियम होता: तीन परदेशी, आणि शिवाय दोन असे, जे त्या देशात सलग पाच वर्षे खेळलेत, त्यांतली तीन वर्षे कुमार संघांत. युरोपीय न्यायालयाच्या १५ डिसेंबर १९९५ च्या बॉसमन निकालाने युरोपीय महासंघातल्या नागरिकांपुरती ही मर्यादा उडाली. पुढे युरोपची फुटबॉल संघटना युएफाने पासपोर्ट सोडून घडणीकडे पाहिले आणि २००६-०७ पासून स्थानिक क्लबांत तयार झालेल्या खेळाडूंचा कोटा आणला.

आपल्याकडच्या नियमात घडणीचा रकाना नाही. आहे तो डोक्यांचा हिशेब. इंडियन सुपर लीगच्या २०१४ च्या पहिल्या मोसमात मैदानावर किमान पाच भारतीय हवे होते, म्हणजे अकरांत सहापर्यंत परदेशी. तेव्हा पुण्याच्या संघात त्रेझेगे होता, मुंबईच्या संघात अनेल्का आणि युंगबेरी. गर्दी खेचणे हा उद्देश लपलेला नव्हता. २०१७-१८ मध्ये परदेशी पाचवर आले, २०२१-२२ मध्ये चारवर, आणि संघात एक आशियाई हवा होता. हा शेवटचा बदल आशियाई फुटबॉल महासंघाच्या ‘३ + १’शी (तीन परदेशी, शिवाय एक आशियाई) जुळवून घेण्यासाठी झाला. चार जणांना कुठे खेळवायचे, हे नियम सांगत नाही. मधला बचाव, मधली फळी आणि पुढचा गोल करणारा, असा संघाचा कणा परदेशी ठेवून भारतीयांना कडेला लावले तरी कागद साफ राहतो. प्रशिक्षकाला जिंकायचे असते. तो दुसरे का करील?

आणि ज्याच्याशी जुळवून घेतले, तोच नियम सरकला. आशियाई महासंघाने २०२३-२४ साठी ‘५ + १’ केले आणि २०२४-२५ पासून वरच्या पातळीच्या क्लब स्पर्धेतली मर्यादाच काढली. ‘५ + १’च्या त्या वर्षी मुंबई सिटी आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये खेळली. पहिला घरचा सामना बालेवाडीत झाला आणि इराणच्या नस्साजीने तो २-० जिंकला. सौदीच्या अल हिलालने आपल्या मैदानावर सहा गोल चढवले. गटातले सहाही सामने मुंबई हरली. देशी लीगमध्ये चारांच्या मापाने बांधलेला संघ सहांच्या मैदानावर उतरला होता. पराभवाचे हे एकच कारण नाही, पैशातली दरी तर उघड आहे. पण मर्यादा घटवल्याने आशियात सोपे जाईल हा युक्तिवाद या निकालांपुढे टिकत नाही.

नोव्हेंबर २०२५ मध्ये बंगळूर एफसीच्या रायन विल्यम्सने ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट सोडून भारतीय नागरिकत्व घेतले. तो पर्थचा, आई मुंबईच्या अँग्लो-इंडियन कुटुंबातली, आणि २०१९ मध्ये तो ऑस्ट्रेलियाकडून एक सामना खेळलेला. घडला तो पर्थमध्ये आणि इंग्लंडमध्ये. लीगच्या हिशेबात मात्र तो आता भारतीय, आणि क्लबला परदेशी खेळाडूची एक जागा मोकळी.