औंढ्याची लहर आणि तिची नोंद

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाची, गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा होते आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चर्चा होते ती लेसरची, आरशांची आणि ४ किलोमीटर लांबीच्या बाहूंची. गुरुत्वीय लहरींच्या शोधाचा इतिहास मात्र तितकाच नोंदीचा आहे, म्हणजे उपकरणातून येणारा, सतत बदलणारा विद्युतदाब आकड्यांत उतरवण्याचा. अमेरिकेत जोसेफ वेबर यांनी १९६९ मध्ये लहरी सापडल्याचा दावा केला. पुढे त्यांच्या आणि दुसऱ्या गटाच्या नोंदी जुळल्याचे जाहीर झाले, तेव्हा दोन्हींच्या वेळांत ४ तासांचा फरक निघाला. जुळलेला क्षण एक नव्हताच.

कोणी म्हणेल, हा विद्युतदाब आकड्यांत नोंदणारे संगणकाचे कार्ड हा नुसता कारकून. खरे काम आरशांचे. पण १६ बिटचे कार्ड उणे १० ते अधिक १० व्होल्टवर लावले, की ६५,५३६ पायऱ्या मिळतात, एकेक सुमारे ०.३ मिलिव्होल्टची. जमिनीचे संथ हेलकावे मोठे, लहरीची खूण अतिशय बारीक. पल्ला मोठा ठेवला तर खूण पायऱ्यांच्या खरखरीत बुडते. लहान ठेवला तर हेलकाव्याचा माथाच छाटला जातो. म्हणून सिग्नल कार्डात शिरण्याआधीच संथ भाग दाबणारा आणि जलद भाग उचलणारा फिल्टर लावतात, नंतर संगणकात त्याची उलट आकडेमोड करतात. औंढ्याची जमीन शांत आहे, हे खरे. पण शांत म्हणजे निश्चल नव्हे. वेळही तितकीच नेमकी हवी. १४ सप्टेंबर २०१५ ला प्रथमच थेट टिपलेली गुरुत्वीय लहर अमेरिकेतल्या लायगोच्या दोन केंद्रांवर सुमारे ७ मिलिसेकंदांच्या अंतराने पोचली. औंढ्याचे घड्याळही इतका बारीक फरक टिपणारे लागेल.